हिरवा फ्रीज

"आधी पोट दाखव गो."

दुकानात शिरल्यावर मावशींचं पहिलं वाक्य हेच. पंख्याखाली बसणं नाही, ख्यालीखुशाली नाही, पुढे केलेलं पाणीसुद्धा नंतर. मिक्सर दाखवायचा म्हटलं की आम्ही काउंटरवाल्या भांडी किती, झाकण कसं, रंग कुठले ते घडाघडा सांगायला लागतो. मावशी आमचं ऐकतच नसत. त्या मिक्सर दोन्ही हातांनी उचलायच्या, अलगद उलटा करायच्या आणि चष्मा वर ढकलून त्याच्या बुडाकडे बघत राहायच्या. मग नखाने त्याचा एक रबरी बूट उपटायच्या. बुटाखाली स्क्रू दिसला की चेहरा सैल पडायचा. नाही दिसला की मिक्सर सरळ करून माझ्याकडे सरकवायच्या. "ह्यो उघडत नाय. दुसरा दाव."

आमचे शेठ गल्ल्यावरून हळूच मला विचारायचे, "बाई मिक्सर घ्यायला आल्यात की मिक्सरचं बाळंतपण करायला?"

पेणला आमचं दुकान स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. मावशी राहायच्या निडीला, रोह्याच्या अलीकडे, स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत. पॅसेंजर गाडीने यायच्या आणि बहुतेक वेळा स्वतःसाठी नाहीच. त्यांच्या सासरकडचे लोक खारेपाटातले, वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठचे. त्यांच्यात लग्न निघालं, की रुखवतात मांडायच्या वस्तू घ्यायला मावशींना बोलावणं जायचं. नवरीचा बाप, आई, आत्या, एखादा शिकलेला चुलतभाऊ आणि सगळ्यांच्या पुढे कापडी पिशवी घेतलेल्या मावशी, अशी वरात दुकानाच्या पायऱ्या चढायची. तुम्ही कुठल्याही दुकानात कधी काउंटरमागे उभे राहिला असाल, तर असं गिऱ्हाईक आलं की काय होतं ते तुम्हाला कळेल.

एकदा त्यांनी मला कंपनीच्या सर्व्हिस नंबरला फोन लावायला लावला. "इकायच्या आधी कोन उचलतो ते बघू. इकल्यावर तर कोनीच नाय उचलत." मी फोन स्पीकरवर टाकला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई सांगत राहिली आणि मागे सनई वाजत राहिली. मावशी हाताची घडी घालून उभ्या. अख्खी वरात उभी. शेठ उभे. पुष्कळ वेळाने फोन आपोआप बंद झाला. "सनई चांगली हाय," मावशी म्हणाल्या, "लग्नात वाजवा. पन मिक्सर नको."

मला त्यांचा राग यायचा, हे कबूल करते. मी वस्तू विकायला बसले होते आणि त्या विकू देत नव्हत्या.

त्यातली एक वरात मी विसरणार नाही. मुलाकडच्यांनी यादीत कपडे धुण्याचं मशीन घातलं होतं, फुल ऑटोमॅटिक, पुढे काचेचं दार असलेलं. नवरीही आली होती. मावशी मशीनच्या पोटाकडे वळल्या नाहीत, थेट नवरीकडे वळल्या.

"तुझ्या सासरी नळ हाय?"

"हाय. पन मार्चनंतर येत नाय पानी. टँकर येतो."

"टँकरवरनं हंडे कोन भरनार?"

नवरीने बापाकडे पाहिलं. मावशीच म्हणाल्या, "मग ही मशीन तुझ्याकडंच पानी मागनार, गो बाय. एकदा न्हाय, तीनदा. त्यापरीस साधी घे, हातानं पानी ओतायची. एकाच पान्यात दोन घाने काढशील."

बापाला ते पटलं होतं, मला दिसत होतं. पण यादी ती यादी. मीही तोंडाचा पट्टा सोडला, वॉरंटी काढली, घरपोच काढली आणि काचेच्या दाराचं मशीन विकलं. पुढच्या वर्षी मावशी दुसऱ्या वरातीबरोबर आल्या तेव्हा म्हणाल्या, "ती तुझी मशीन बघून आले. वटीवर हाय. आत तांदूळ भरल्यात. दार गच्च बसतं, उंदीर शिरत नाय. चांगला डबा इकलास." एवढं म्हणून त्या इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. त्या हसण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच बहुधा मी त्या दिवशी त्यांच्यासाठी स्वतः चहा सांगितला आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला हे पोटातलं कळतं कसं?"

"मी पोटातच होते गो," त्या म्हणाल्या. "एकोनीस वरसं."

रोह्याला तेव्हा मिक्सर आणि पंख्यांच्या मोटरी बनवणारी एक कंपनी होती. मावशी तिथे कॉइल गुंडाळायला होत्या. तांब्याची तार साच्यावर गुंडाळायची, वेढे बरोबर आले की सुती दोऱ्याने बांधायची, पुढच्या बाईकडे सरकवायची. दिवसभर तेच. बाकीच्या बाया दोऱ्याला साधी गाठ मारत. मावशी माहेरी भाताचे भारे बांधत मोठ्या झालेल्या. भाऱ्याचा बंध जसा दोनदा पिळून आत खोचतात, तसाच त्या दोरा पिळून खोचायच्या. सुपरवायझर ओरडायचा, पण त्यांची कॉइल कधी सुटून परत आली नाही, म्हणून पुढे ओरडायचाही थांबला.

"सुरवातीला मिक्सरच्या बुडाला आठ स्क्रू होते," त्या सांगत होत्या. "मग सहा केले. मग चार. मग नवे सायेब आले, बोलले स्क्रू कशाला, चिकटवा. शेवटची तीन वरसं मला कॉइलवरनं काढून तिथं बसवली. डिंक लावायला."

त्यांच्या धाकट्या भावजयीने हौसेने त्याच कंपनीचा मिक्सर घेतला होता. दीड वर्षात तो बंद पडला. आतली एक तार सुटली असणार, दोन मिनिटांचं काम. मावशींनी सुरी लावली, विळीचं पातं लावलं, शेवटी बूडच तडकलं. "माझ्या हातचा डिंक. मलाच उघडंना." चहा संपला होता तरी त्या कप हातात धरून बसल्या होत्या.

तेव्हा मला वाटलं, उलटा मिक्सर बघायची सवय इथून आली. ते खरंच होतं, पण सगळं नव्हतं. उरलेलं त्यांनी आणखी काही महिन्यांनी सांगितलं. मी एका गिऱ्हाइकाला जुन्या टीव्हीच्या बदल्यात नवा घ्यायची स्कीम समजावत होते. ते गेल्यावर मावशींनी विचारलं, "जुन्याचं नंतर कोन करनार?"

"काय करायचंय त्याचं?"

"मानसाचं करतात ना मेल्यावर. मग ह्याचं कोन करतं?"

मावशींचा नवरा मिठागरात होता. बापजाद्यांपासून तेच काम. मिठागर बंद पडलं तसा तो खाडीकाठच्या एका भंगाराच्या वखारीत लागला. काम काय, तर तारा आणि मोटरी जाळायच्या. वरचं प्लास्टिक, रोगण, दोरा सगळं जळून जातं आणि तांबं मोकळं होतं. भरतीचा वारा उलटा आला की तो सगळा धूर तोंडावर. घरी यायचा तर अंगाला साबणाने न जाणारा वास. मावशी रोह्याला तांबं गुंडाळत होत्या आणि नवरा वडखळच्या पुढे तांबं जाळत होता, आणि दोघांनाही बरीच वर्षं ते ध्यानात आलं नव्हतं.

"एक दिस त्यो जेवाया बसला आनि खिशातनं कॉइल काढली. बोलला, ही तुझी का गो? गाठ बघून वळखली व्हती त्यानं. भाऱ्याची गाठ." मावशींनी ती ओळखली. त्यानंतर ढिगात तशी गाठ असलेली कॉइल सापडली की तो ती बाजूला ठेवायचा, घरी आणायचा. मुकादमाच्या शिव्या खायचा, पण बायकोच्या हातची कॉइल त्याने कधी जाळली नाही. खोकला मात्र इतरांच्या कॉइलींनीही लागतोच. पन्नाशीच्या आत गेला. पत्र्याच्या एका डब्यात नऊ कॉइली ठेवून गेला.

मी त्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. हे मुद्दाम सांगते आहे. पुढे मी जे केलं, ते मला काही ठाऊक नव्हतं म्हणून केलं, असं तुम्हाला वाटू नये.

मावशींच्या घरी एक फ्रीज होता. मी तो कधी पाहिला नव्हता, पण पेणपर्यंत त्याची ख्याती होती. बावीस वर्षांचा. गंजायला लागला तेव्हा घराच्या दाराचा उरलेला हिरवा रंग मावशींनी त्याला फासला होता. रबर दोनदा बदललं, मोटर एकदा नव्या तारेने भरून घेतली, थर्मोस्टॅट कुठल्या तरी मेलेल्या फ्रीजचा बसवला. "म्हातारा बारा वरसं ह्यातलं पानी प्याला," त्या सांगायच्या. त्याला धुरात काम करून आल्यावर थंडगार पाणी लागायचं. एवढ्यासाठी घेतला होता तो फ्रीज.

तो एका श्रावणात कायमचा बंद पडला. आतली नळी सडली होती, रोह्याच्या मेकॅनिकने हात टेकले. मावशी पहिल्यांदाच स्वतःसाठी खरेदीला आल्या. सगळ्यात लहान, एका दाराचा फ्रीज निवडला. स्टार किती ते पाहिलं, मागची जाळी उघडी आहे का ते पाहिलं, पार्ट किती वर्षं मिळतील ते माझ्याकडून बिलामागे लिहून घेतलं. मग पिशवी काखेत मारून विचारलं, "आनि जुन्याचं?"

गणपतीला पंधरा दिवस राहिले होते. पेणला तेव्हा काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. रस्ता मूर्तींच्या टेम्पोंनी भरलेला, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, शेठ मला नजरेने आटप आटप म्हणत होते. मी म्हणाले, "मावशी, काळजीच नको. आमचा जुना माल सरकारमान्य ठिकाणी जातो. तिथे नीट सुटा करतात. जाळत वगैरे नाहीत."

"तू बघितलंस?"

"हो. मी स्वतः बघते कागद."

असला कागद मी जन्मात पाहिला नव्हता. जुनं सामान घ्यायला आठवड्याला एक टेम्पो मागच्या दाराला लागायचा आणि वडखळच्या दिशेने जायचा, एवढंच मला दिसायचं. पुढे कुठे जातो हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय उत्तर मिळेल याचा अंदाज होता म्हणूनच विचारलं नव्हतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "तू बोललीस म्हंजे झालं," म्हणाल्या. ज्या बाईने कंपनीच्या छापील वॉरंटीवर कधी विश्वास ठेवला नाही, तिने माझ्या तोंडच्या शब्दावर ठेवला. दोन दिवसांनी आमच्या माणसांनी नवा फ्रीज निडीला पोचवला आणि हिरवा उचलून आणला. तो मागच्या बोळात उभा होता तेव्हा मी पहिल्यांदा पाहिला. दारावर ब्रशाचे ओघळ वाळलेले, मूठ घासून पांढरी झालेली. मी पाहिला आणि काउंटरवर परत गेले.

पितृपक्षात मावशी नवऱ्याच्या तिथीला सासरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुकानात आल्या. एकट्याच. उन्हातून आल्या होत्या, चेहरा उतरला होता. मी उठून खुर्ची दिली. शेठनीही पाणी आणायला सांगितलं.

"खाडीवरनं चालत जात होते," त्या म्हणाल्या. "वखारीत एक बाई बसली होती जाळत. वारा लागू नये म्हनून पुढं दार उभं केलं होतं. हिरवं."

खोटं रेटायची माझी सवय त्या वेळी उपयोगी पडली नाही.

"तिला खोकला हाय," मावशी म्हणाल्या. "मी इचारलं, कधीपास्नं? बोलली, हाय आपला."

मग त्यांनी पाणी प्यायलं, भांडं काउंटरवर ठेवलं आणि उठल्या. पायरीपाशी थांबून एवढंच म्हणाल्या, "मी तुला इचारलं होतं ना गो बाय."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांच्या मागे गेले नाही. त्या रस्ता ओलांडून स्टँडकडे वळेपर्यंत बघत उभी राहिले, मग एका गिऱ्हाइकाने ओव्हनचं विचारलं आणि मी त्याला ओव्हन दाखवला.

मावशी पुन्हा आल्या नाहीत. खारेपाटातल्या वराती यायच्या, यादीवर बोट ठेवून वस्तू घ्यायच्या आणि अर्ध्या तासात जायच्या. शेठ खूश होते. मला मात्र दुकानात करमेना. एक दिवस मी गिऱ्हाइकासमोर मिक्सर उलटा करून त्याचा बूट उपटला आणि म्हणाले, "हा नका घेऊ, उघडत नाही." शेठ माझ्याकडे बघतच राहिले.

त्यानंतर मी शेठच्या मागे लागले. जुना माल रीतसर घेणाऱ्या, नोंदणी असलेल्या कंपन्या आहेत, त्यांची गाडी बोलवा म्हटलं. ते नाही म्हणाले. भंगारवाला दर आठवड्याला बोळ मोकळा करतो, ही गाडी कधी यायची? मी नोकरी सोडते म्हटलं. मला तिथे बारा वर्षं झाली होती, तरी ते मानतील असं वाटलं नव्हतं, पण मानले. पुढच्या वर्षी पनवेलच्या बाजूची एक गाडी तीन महिन्यांतून एकदा यायला लागली. तोपर्यंत बोळात फ्रीज आणि टीव्हींची रांग लागायची आणि शेठ रोज एकदा माझा उद्धार करायचे.

मी तेवढ्यावर थांबले नाही. या वेळी मला स्वतः बघायचं होतं. रजा टाकून मी त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून गेले. मोठी शेड होती. तोंडाला मास्क, हातात मोजे घातलेली माणसं टेबलावर मोटरी सोडवत होती. फ्रीजमधला गॅस आधी नळीने काढून घेत होते. तांबं वेगळं, लोखंड वेगळं, कुठेही धूर नाही. सगळंच आदर्श असेल असं मी म्हणत नाही, मी एक दिवस पाहिलं. पण जे पाहिलं ते डोळ्यांनी पाहिलं. निघताना त्यांनी आमच्या मालाची यादी आणि शिक्का असलेला कागद दिला.

तो कागद मी मावशींना दाखवणार होते. पण जायची लाज वाटत होती. आधी दिवाळीची गर्दी झाली, मग लग्नसराई आली, मग आईचं डोळ्याचं ऑपरेशन. सबबी खऱ्या होत्या, तरी सबबीच. चैत्र लागल्यावर एका सोमवारी पॅसेंजर धरली आणि निडीला उतरले.

दोन खोल्यांना कुलूप होतं. शेजारच्या घरातून त्यांची भावजय बाहेर आली. मी कोण ते सांगितलं.

"ती गेली गो. म्हयना झाला. ताप आला आनि चार दिसांत गेली."

मी ओटीवर बसले. भावजयीने पाणी दिलं, मग किल्ली आणून दार उघडलं. मी विकलेला फ्रीज आत भिंतीशी उभा होता, बंद, दार किंचित उघडं राहावं म्हणून फटीत चिंधी अडकवलेली. वर एक पत्र्याचा डबा होता. भावजयीने तो माझ्या हातात दिला. मला वाटला त्याहून जड लागला. झाकण काढलं. नऊ कॉइली, तांबं काळपटलेलं, प्रत्येकीवर सुती दोरा दोनदा पिळून आत खोचलेला.

"भंगारवाला दोनदा इचारून गेला, तांबा हाय म्हनून," ती म्हणाली. "पन ती बोलली होती, ह्यो त्याला देऊ नुको. मी बोलले, मग कोनाला देऊ? तर गप बसली."

माझ्या पर्समध्ये कागद होता. काय करावं ते सुचेना म्हणून मी तो काढला. भावजयीने हातात घेतला, उलटसुलट केला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"काय लिवलंय ह्यात?"

"जुने फ्रीज कुठे गेले ते. जाळले नाहीत, असं."

"आमच्या वन्संच्या फ्रीजचं हाय?"

"नाही," मी म्हणाले. "दुसऱ्यांच्या."

तिने कागदाची होती तशी घडी घातली आणि मला परत दिला.